खाऱ्या वाऱ्यातला कोबा: गेटपासून पोर्चपर्यंत या चुका टाळा

पावसाळा सरला की दापोली-गुहागरच्या पट्ट्यातून फोन सुरू होतात. "मे महिन्यात गेटपासून पोर्चपर्यंत काँक्रीट केलं होतं, गाडीसाठी. फुटलं. सिमेंट खराब लागलं का हो?" सिमेंट बिचारे क्वचितच खराब असते. जाऊन पाहिले की कारण बहुधा पाण्यात सापडते: मिसळताना जास्त पडलेले, नंतर कमी मारलेले, खाली साचून राहिलेले, नाहीतर मीठ घेऊन सळीपर्यंत पोचलेले. घाटावरच्या गावात यातली एखादी चूक खपून जाते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच ती वर येते.

"आरसीसी करा, मजबूत होतं"

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती हौसेने केली जाते. चार इंच जाडीच्या कोब्यात, म्हणजे जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटच्या थरात, आठ-आठ इंचांवर आठ एमएमची जाळी बांधायची, ती सोलिंगवर (खालच्या दगडांच्या थरावर) तशीच अंथरायची आणि वरून माल ओतायचा. मिस्त्री म्हणतो, ओतताना हुकाने वर उचलू. दोन पाट्या पडेपर्यंत उचलतोही. पुढची जाळी तळालाच राहते, जमिनीतल्या खाऱ्या ओलीला चिकटून.

चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड गंजत नाही, कारण काँक्रीट भरपूर अल्कधर्मी असते आणि सळीवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवते. मिठातले क्लोराइड तिथवर पोचले की तो थर तुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आणि ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते. म्हणून सळीच्या रेषेत सरळ भेग पडते, तिच्यातून तपकिरी ओघळ येतो आणि पुढे वरचा पापुद्रा सुटतो. बिनसळीच्या काँक्रीटला मिठाचा एवढा त्रास होत नाही. मग गंजणारी वस्तू आपणच आत का घालायची?

हिशेब करून पाहा. ४० फूट लांब, १० फूट रुंद वाटेला अशी जाळी घातली तर साधारण दीडशे किलो सळी लागते. तेवढ्या पैशांत याच वाटेची जाडी एक इंचाने वाढवता येते; त्याला जेमतेम ३३ घनफूट माल लागतो. नुसत्या मोटारीसाठी नीट दाबलेल्या पायावर पाच इंच साधे काँक्रीट मला जाळीच्या चार इंचांपेक्षा केव्हाही जास्त भरवशाचे वाटते. चिऱ्यांचा टेंपो आत यायचा असेल तर सहा इंच करा.

सळी जिथे खरोखर लागते ती जागा वेगळी: गेटसमोरच्या गटारावरचा स्लॅब, किंवा वाट सेप्टिक टाकीवरून जात असेल तर तिचे झाकण. तो पूल आहे, कोबा नव्हे. गंमत म्हणजे काटकसर नेमकी तिथेच होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी हवेतल्या उघड्या काँक्रीटला 'सिव्हियर' (तीव्र) वर्गात धरले आहे. त्या वर्गात साध्या काँक्रीटला किमान एम २० (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) चालते; सळीच्या कामाला किमान एम ३०, सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि पाणी-सिमेंटचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगितले आहे. एम ३० घमेल्याच्या अंदाजाने होत नाही, त्याला डिझाइन मिक्सच हवा, म्हणजे चाचणी करून ठरवलेले मालाचे प्रमाण. तेवढ्या स्लॅबपुरता इंजिनिअर बोलवा. आणि कव्हरसाठी चिऱ्याचे किंवा खडीचे तुकडे सळीखाली सारू नका, सिमेंटची बिस्किटे वापरा.

बादली मोजा

एम २० म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. हे प्रमाण सगळ्यांना पाठ असते. पाण्याचे प्रमाण कुणी विचारत नाही. किनाऱ्यावर साध्या काँक्रीटला पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५०च्या वर जाऊ नये. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी. त्यातही वाळू ओली असेल तर चारेक लिटर तिच्याबरोबरच येते, ते वजा करायचे.

एकदा मी मिक्सरपाशी उभा राहून मोजले, तर गोणीमागे ३८ लिटर पडत होते. मिस्त्रींना म्हटले, तर उत्तर तयार: "साहेब, माल सरकायला नको?" त्यांचेही चुकत नव्हते. २५ लिटरचा माल कडक असतो, हाताने पसरताना खांदे भरून येतात. उपाय पाण्यात नाही, प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनात आहे. डब्यावर 'क्लोराइड नसलेले' असे लिहिले आहे का ते बघा, कारण लवकर घट्ट करणाऱ्या काही रसायनांत कॅल्शियम क्लोराइड असते. आणि पसरल्यावर व्हायब्रेटर लावा. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक नळ्यांचे जाळे सोडते. त्याच वाटेने मीठ आत येते.

पाणी कुठले, हाही प्रश्न आहेच. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. साध्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालते, सळीच्या कामाला फक्त ५००. जिभेवर ठेवून हा फरक कळणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून मिळते. शंका असेल तर टँकर मागवा. तराईला, म्हणजे ओतलेले काँक्रीट ओले ठेवायलासुद्धा मचूळ पाणी नको. रोज वाळणाऱ्या पृष्ठभागावर ते मीठच साठवते.

वाळूचे तेच. पुळणीवरची वाळू सरसकट बारीक असते, वर खारट आणि शिंपल्यांची. खाडीची वाळू धुतलेली आहे असे विकणारा सांगतो, पण कशाने धुतली ते विचारावे. मी आता क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) घ्यायला सांगतो. खडी काळ्या दगडाचीच हवी. जांभ्याचा चुरा भरावाला छान, काँक्रीटमध्ये नको. सिमेंट शक्यतो स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) घ्या, ते क्लोराइडला जास्त अडवते. 'समुद्राजवळ आहात, सल्फेट रेझिस्टिंग घ्या' हा दुकानातला सल्ला ऐकू नका: समुद्राच्या मिठात क्लोराइडचा वाटा मोठा, आणि त्याला ते सल्फेट झेलणारे सिमेंट उलट कमी पडते. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. दमट हवेत तीन महिने पडून राहिलेली गोणी हाताला गुठळ्या दाखवते.

भरावावर घाई

कोकणातले प्लॉट उताराचे. खालच्या अंगाला गडगा घालायचा, मागे लाल माती ढकलायची, वर पाणी मारायचे आणि आठवड्याने कोबा. पहिल्या पावसात माती बसते, कोबा अधांतरी राहतो आणि गाडीचे चाक गेले की कोपरा तुटतो. भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी ओलवून, रोलर किंवा धुमस मारून दाबा. जमत असेल तर एक पावसाळा त्याला तसाच खाऊ द्या. फुकटचा रोलर आहे तो. वर सोलिंग, त्यावर मुरूम किंवा ग्रिट, आणि खाडीजवळ जमिनीतली ओल वर चढत असेल तर त्यावर जाड प्लास्टिक.

याच वेळी एक किरकोळ वाटणारे काम उरकून घ्या. वाटेखालून आडवे दोन रिकामे चार इंची पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, तोंडे बंद करून. नळाची लाइन, गेटच्या दिव्याची वायर, पंपाची केबल यांची आठवण नेहमी कोबा झाल्यावरच होते.

मे महिना

मुंबईहून मंडळी मेमध्ये येतात, काम डोळ्यांदेखत व्हावे असे त्यांना वाटते आणि गणपतीला गाडी थेट दारात लावायची असते. म्हणून सगळे कोबे मेमध्येच. त्या वेळी विहीर तळाला, ऊन डोक्यावर आणि दुपारनंतर वारा. ओल्या मालावरचे पाणी अर्ध्या तासात उडते आणि काम चालू असतानाच तिरक्या, तुटक भेगा पडतात. त्यावर मिस्त्री थापीने घोटतो, भेग दिसेनाशी होते, पण बुजत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा: विहिरीला गोडे पाणी असते आणि तराईला सवड असते. मेमध्येच करायचे असेल तर उन्हे कलल्यावर ओता, ओतल्याबरोबर प्लास्टिकने झाका.

तराई म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइपने भिजवणे नव्हे. मधल्या आठ तासांत कोबा कोरडा ठणठणीत होतो. मातीची आळी करून पाणी धरून ठेवा, नाहीतर गोणपाट किंवा माडाची झापं अंथरून ती सतत ओली ठेवा. स्लॅगच्या किंवा पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस, मी चौदा धरतो. दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही. मोटार दोन आठवड्यांनी. चिऱ्यांचा टेंपो किंवा वाळूचा डंपर २८ दिवस होईपर्यंत आत घेऊ नका. एका ठिकाणी अकराव्या दिवशी डंपर मागे घेतला आणि चाकोरीच्या रेषेत सगळी वाट चिरली. दोष अर्थात सिमेंटला मिळाला.

सांधे, उतार आणि आरशासारखा कोबा

काँक्रीट वाळताना आकसते, म्हणजे भेग पडणारच. ती कुठे पडावी एवढेच आपल्या हातात असते. पाच इंची कोब्याला दर दहा-बारा फुटांवर सांधा द्या, शक्यतो चौकोन पडतील असा. खोली जाडीच्या पाव, म्हणजे सव्वा इंच. कटर मारायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्याने मारला तर भेग आपली जागा शोधून मोकळी झालेली असते. कटर मिळत नसेल तर एक सोडून एक चौकोन भरा. घराच्या जोत्याला मात्र कोबा कधीही चिकटवून ओतू नका. मध्ये अर्धा इंचाची फिलर पट्टी ठेवा, नाहीतर घर एका गतीने बसते, वाट दुसऱ्या, आणि जोत्याचा गिलावा फुटतो.

उतार फुटाला पाव इंच, घरापासून दूर. जमीनच घराकडे उतरत असेल तर पोर्चच्या आधी आडवे गटार हवे. त्यावरची लोखंडी जाळी समुद्राकाठी लवकर गंजते. ओतीव लोखंडाची किंवा एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) घ्या. पागोळीचे पाणी थेट कोब्यावर पडत असेल तर तिथे पन्हळ लावा.

राहिला घोटलेला कोबा. वर पाणी तरंगत असतानाच कोरडे सिमेंट भुरभुरायचे आणि गुळगुळीत घोटायचे, ही जुन्या पडवीची सवय. उघड्यावर तो थर दोन वर्षांत पापुद्र्यासारखा निघतो आणि तोवर श्रावणात शेवाळ धरून माणसे पाडतो. वरचे पाणी आपोआप जिरेपर्यंत थांबा, मग आडवा झाडू ओढा. दिसायला साधे, पण चप्पल धरते.

झालेच आहे, आता काय?

आधी काठीने ठोकत सगळ्या वाटेवरून फिरा. आवाज बद्द आला तिथे खडूने खूण करा.

जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा फक्त वरच्या थरात असतात. त्यांना हात लावू नका. मधोमध आडवी सरळ भेग म्हणजे न दिलेला सांधा. ती सिमेंटने भरली की पुन्हा उघडते, कारण ती ऊन-सावलीबरोबर हलते. कटरने रुंद करून पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखे लवचिक भरण) भरा आणि तोच सांधा समजा. पांढरी पूड म्हणजे लोणा, खालून ओल चढत असल्याची खूण. ती कोरडीच झाडा आणि बाजूचे पाणी वळवा. फरशी धुण्याचे ॲसिड ओतू नका, ते सिमेंट खाते आणि वर क्लोराइड सोडते. शेवाळाला ताठ झाडू आणि ऊन पुरते. वाटेवर सावली धरणारी फांदी छाटली तर निम्मे काम होते.

तपकिरी ओघळ दिसला तर वरून लेप देऊन पैसे घालवू नका. आत गंज चालूच राहतो. बद्द आवाजाचा भाग पूर्ण फोडा. जमिनीवर टेकलेल्या कोब्यात ती जाळी काही पेलत नसते, त्यामुळे गंजलेली सळी कापून काढली तरी चालते. गटारावरच्या स्लॅबला मात्र हे लागू नाही, तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका.

चमकदार रंग आणि कोटिंगचे डबे घेऊन येणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. खालून ओल आली की तो थर फुगून सुटतो. द्यायचेच असेल तर आत मुरून पाणी अडवणारे सिलेन-सिलोक्सेन हे रसायन, तेही कोबा पूर्ण वाळल्यावर, साधारण जानेवारीत.

आणि खचलेल्या, हलणाऱ्या वाटेवर दोन इंचाचा नवा थर टाकायचा विचार असेल तर तो सोडून द्या. खालची भेग पुढच्याच उन्हाळ्यात वर दिसते. फोडा आणि नव्याने करा. निघालेले तुकडे नव्या सोलिंगला चालतात, फक्त त्यातली सळी आधी वेगळी काढून भंगारवाल्याला द्या.