क्लच दाबला तरी गाडी पुढंच सरकायची

जुन्या मोटारसायकलचं इंजिन बसवलेली आमची तीनचाकी वावरातून कपाशीची गाठोडी आणते. यंदा पांदणीच्या चिखलात क्लच दाबून थांबलो, की ती बैलासारखी हळूहळू पुढंच! न्यूट्रल तर इंजिन बंद केल्याशिवाय लागेचना.

जो तो म्हणे, केबल ताण. लिव्हरच्या टोकाशी १०-१५ मिमी ढील ठेवून ताणली, फरक शून्य. आणखी ताणली तर चढावर क्लच घसरू लागला, म्हणून परत ढिली केली. मग ऑइल, क्लचच्या प्लेटा त्यातच फिरतात. ट्रॅक्टरचं उरलेलं जाड ऑइल मीच ओतलं होतं, कुणाला सांगू! ते काढून मोटारसायकलचं भरलं. सकाळच्या गारव्यातला त्रास तेवढा कमी झाला.

शेवटी कव्हर खोललं. क्लचमधल्या स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घालून पाहिल्या, सरळ होत्या. दोष निघाला बास्केटमध्ये, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या उभ्या बोटांच्या डब्यात. फ्रिक्शन प्लेटांच्या (घर्षणाचं अस्तर असलेल्या) कडेच्या कानांनी ठोकून ठोकून बास्केटच्या बोटांवर खाचा पाडल्या होत्या. क्लच दाबल्यावर स्प्रिंगचा दाब सुटतो, पण कान खाचेत अडकला की प्लेट बाजूला सरकतच नाही. इंजिन चाकाला ओढतच राहतं.

बास्केट बाहेर काढून बारीक कानशीनं खाचा सपाट केल्या. उथळ होत्या म्हणून जमलं, खोल असत्या तर नवीनच घ्यावी लागली असती. धातूचा कीस डिझेलनं धुतला, प्लेटा ऑइलात भिजवून बसवल्या, गॅस्केट नवं टाकलं.

आता पहिल्या गिअरात क्लच दाबून उभी राहते. न्यूट्रल पायाच्या अंगठ्यानं लागतं.