एक्स्टेन्शन टाकण्याआधी काय काय बघायचं, कोकणातल्या आपल्या लोकांसाठी

एक्स्टेन्शन म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउजरमध्ये वरून बसवायचं छोटं सॉफ्टवेअर. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग सुरू झालं की दरवर्षी कुठल्यातरी ग्रुपवर लिंक फिरायला लागते, हे एक्स्टेन्शन टाका, नाव वय बर्थ सगळं आपोआप भरतं, तिकीट हमखास कन्फर्म. आणि मग मुंबईतले चाकरमानी काय, कुडाळ-चिपळूणकडची पोरं काय, घरच्या कॉम्प्युटरवर ते टाकून मोकळी होतात. आता ते एक्स्टेन्शन काय काय बघतं ते मोजा जरा: रेल्वेचा लॉगिन, घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं, वर पेमेंटचं पान. कोड कुणी बघितलेला नाही, बनवणारा कोण ते माहीत नाही. त्याच ब्राउजरमध्ये बँक उघडते, होमस्टेचं बुकिंग उघडतं, आंब्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

पहिला प्रश्न, ते एक्स्टेन्शन खरंच लागतं का? बऱ्याच वेळा नाही लागत. मराठी टायपिंगचंच घ्या, त्यासाठी एक्स्टेन्शन टाकणारे खूप आहेत, पण विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या अपडेटपासून आतच आलाय, सेटिंगमध्ये भाषा ॲड केली की झालं, मग तुम्ही टाइप करता ते प्रत्येक अक्षर कुठल्या तिसऱ्याच्या हातात कशाला द्यायचं. तसंच एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर, साइट सुरक्षित कनेक्शनवरच उघडायला लावणारं एक्स्टेन्शन, एकेकाळी सगळे हेच सुचवायचे आणि ते चांगलंच होतं, पण आता ब्राउजरमध्येच फक्त सुरक्षित कनेक्शन वापरायची सेटिंग आहे म्हणून ते बनवणाऱ्या ईएफएफ या इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेच ते बंद केलं. पीडीएफ बदलणारी, स्क्रीनशॉट काढणारी, कूपन शोधणारी, फुकट व्हीपीएनवाली, यातलं बहुतेक सगळं मी सरळ काढायला सांगतो.

लागतंच असेल तर मग परवानगी बघा. इन्स्टॉल दाबलं की छोटी खिडकी येते आणि आपण न वाचता पुढे जातो, तिथेच थांबायचं. "सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे" असं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे, जे पान तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं, बँकेचं स्टेटमेंट, मेल, सातबारा काढताना भरलेला नंबर, सगळं. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला ही परवानगी लागतेच, त्याशिवाय तो काम कसं करणार, पण कॅल्क्युलेटर किंवा हवामान दाखवणाऱ्याने ती मागितली तर तिथूनच परत फिरा. क्रोममध्ये एक चांगली सोय आहे, एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये साइट ॲक्सेस म्हणून असतं, तिथे "क्लिक केल्यावरच" किंवा "ठराविक साइटवरच" निवडता येतं.

आता ओपन सोर्स. ओपन सोर्स म्हणजे कोड बघता येतो, कुणीतरी बघितलाय असं नाही, हा फरक डोक्यात पक्का ठेवा. बघायचं असं: एक्स्टेन्शन जिथून घेतो त्या स्टोअरच्या पानावर वेबसाइट किंवा सपोर्टची लिंक असते, तिथून गिटहबवर किंवा गिटलॅबवर, म्हणजे जिथे कोड उघडा ठेवलेला असतो त्या साइटवर जा. उलटं करू नका, म्हणजे सर्चमध्ये नाव टाकून जे पहिलं येईल ते उघडू नका, कारण नावाची नक्कल सहज होते. तिथे लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या अटी, आहे का बघा, जीपीएल, एमआयटी, मोझिला पब्लिक असं काहीतरी स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. शेवटचा बदल कधी झाला, लोकांनी इश्यूमध्ये, म्हणजे तिथल्या तक्रारींच्या पानावर, काय तक्रारी टाकल्यात आणि त्यांना उत्तरं मिळतात का, एकच माणूस आहे की चारपाच जण हात लावतात. स्टोअरवरचा व्हर्जन नंबर आणि गिटहबवरचा नंबर जुळतो का तेही बघा. प्रोग्रामिंग येत नसलं तरी एवढं सगळं कुणालाही जमतं, इश्यू वाचायला कोड यावा लागत नाही.

नंबर जुळवायला का सांगतो, तर त्याला कारण आहे. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचं, ओपन सोर्स, वीस लाखांच्या आसपास लोक वापरत होते. मूळ बनवणाऱ्याने जून २०२० मध्ये ते विकलं, आणि नंतर स्टोअरवर जे व्हर्जन आलं त्यात असा कोड होता जो गिटहबवर नव्हताच. लोकांनीच ते शोधून इश्यूमध्ये मांडलं, बोंब झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते काढून टाकलं. त्याच २०२० च्या ऑक्टोबरात नॅनो ॲडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनांचं तेच झालं, विकल्यावर नव्या मालकांनी लोकांची माहिती बाहेर पाठवणारा कोड घातला. खोतांच्या काळी जमीन विकली की वरची कुळंही नव्या मालकाकडे जायची, कुळाला कोण विचारतो, तसं हे आहे, एक्स्टेन्शन विकलं की तुम्ही त्याच्यासोबत जाता. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे नव्या मालकाला नवी परवानगी मागावीच लागत नाही, कारण "सर्व वेबसाइट" तुम्ही जुन्याला आधीच दिलेली असते, अपडेट रात्रीतून आपोआप येतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून परवानगी सुरुवातीलाच कमी द्यायची. आणि एखादं एक्स्टेन्शन आपोआप बंद होऊन नव्याने परवानगी मागत असेल तर ओके दाबायच्या आधी गिटहबवर जाऊन बघून या.

विकलंच पाहिजे असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सिक्युरिटी कंपनीच्याच माणसाला फसवा मेल आला, त्यातून स्टोअरचा ॲक्सेस गेला आणि ऐन नाताळात भलतंच व्हर्जन लोकांच्या ब्राउजरमध्ये पोचलं. म्हणजे चांगल्या लोकांच्या एक्स्टेन्शनलाही धोका आहे, आणि म्हणूनच संख्या कमी ठेवा, तीनचार पुरे.

स्टार आणि डाउनलोडचे आकडे यावर मी विश्वास ठेवत नाही, ग्रेट सस्पेंडरलाही ते भरपूर होते. फायरफॉक्समध्ये रेकमेंडेड असा बिल्ला असतो, तो मात्र कामाचा आहे, कारण त्या एक्स्टेन्शनचं प्रत्येक अपडेट फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची माणसं तपासतात. क्रोमच्या स्टोअरवर प्रायव्हसीचा जो भाग असतो तो बनवणाऱ्याने स्वतःच भरलेला असतो, तो वाचा पण तेवढ्यावर जाऊ नका.

आता नावं सांगतो. जाहिराती आणि ट्रॅकर, म्हणजे तुम्ही कुठे कुठे फिरता त्यावर पाळत ठेवणारा कोड, अडवायला युब्लॉक ओरिजिन, रेमंड हिल यांचं, जीपीएल लायसन्स, ते देणगीसुद्धा घेत नाहीत. "ओरिजिन" हा शब्द बघूनच घ्या, नुसतं युब्लॉक वेगळं आहे, ते २०१८ मध्ये ॲडब्लॉक नावाच्या दुसऱ्या एक्स्टेन्शनवाल्यांकडे गेलं. क्रोममध्ये आता मॅनिफेस्ट व्ही३ या गूगलच्या एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमांमुळे मूळ ओरिजिन चालत नाही, तिथे युब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं, ते त्याच माणसाचं आहे, जरा कमी ताकदीचं पण ठीक. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं, आणि मी लोकांना फायरफॉक्सच सुचवतो. पासवर्ड जपून ठेवायला आणि भरायला बिटवॉर्डन, त्याचा फायदा असा की बँकेच्या पत्त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे केलेलं नकली पान असेल तर ते पासवर्ड सुचवतच नाही, आपला डोळा फसेल पण ते फसत नाही. ज्यांना पासवर्ड आपल्याच मशीनवर ठेवायचेत त्यांना कीपासएक्ससी. होमस्टेवाल्यांना मोझिलाचं मल्टी अकाउंट कंटेनर्स फार उपयोगी पडेल, एकाच ब्राउजरमध्ये धंद्याचं अकाउंट आणि घरचं अकाउंट वेगवेगळ्या कप्प्यात राहतं, फेसबुकला त्याच्या कप्प्यात कोंडता येतं. रात्री डोळ्यांना त्रास होत असेल तर डार्क रीडर, हेही ओपन सोर्स. प्रायव्हसी बॅजर चांगलं आहे, ईएफएफचंच, पण युब्लॉक ओरिजिन असेल तर दोन्ही टाकायची गरज मला वाटत नाही, उगाच पानं नीट चालत नाहीत.

आपल्याकडे बहुतेकांचं सगळं काम मोबाइलवर चालतं, तर अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्सवर चालतात. आडिवरे-जैतापूरकडे किंवा देवगडच्या खाडीपट्ट्यात जिथे रेंज येते जाते तिथे याचा आणखी एक फायदा आहे, जाहिराती आणि त्यांचे व्हिडिओ डाउनलोडच होत नाहीत त्यामुळे पान लवकर उघडतं आणि डेटा वाचतो. फायरफॉक्सच्या मेन्यूत एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन युब्लॉक ओरिजिन शोधा, एवढंच.

सायबरमध्ये किंवा सेतू केंद्रात दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर लॉगिन करायच्या आधी एक्स्टेन्शनचं पान उघडून बघा काय काय बसवलंय. प्रायव्हेट विंडोमध्ये एक्स्टेन्शन आपोआप चालत नाहीत, पण मालकाने मुद्दाम चालू केलेली असली तर चालतात, म्हणून बँकेचं काम तिथे नकोच.

आणि एखादं एक्स्टेन्शन खराब निघालं अशी बातमी कानावर आली तर नुसतं काढून थांबू नका. आधी काढा, मग जीमेल, बँक, बुकिंगची साइट, जिथे जिथे लॉगिन होतं तिथे "सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट" करा, कारण चोरलेली कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणारी ब्राउजरमधली खूण, असेल तर काही साइटवर पासवर्ड बदलूनही ती चालत राहते, आणि त्यानंतर पासवर्ड बदला, शक्यतो दुसऱ्या मशीनवरून. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने ब्राउजर सिंक केलेला, म्हणजे जोडलेला असेल तर तिथेही ते एक्स्टेन्शन बसलेलं असू शकतं, तेही उघडून बघा. स्टोअरच्या पानावर रिपोर्टचं बटण असतं तेही दाबा, आणि काय दिसलं ते दोन ओळीत लिहा.