माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके: उपचार करताना या चुका टाळा

माशांच्या आजारपणात सर्वांत आधी तपासायचे असते ते पाणी, आणि बहुतेक घरांत तेच सर्वांत शेवटी तपासले जाते. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला किंवा पर मिटून कोपऱ्यात बसून राहिला, की लगेच मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाची बाटली आणली जाते; वास्तविक ही लक्षणे पाण्यातील अमोनिया किंवा नायट्राइट (माशांच्या मलमूत्रातून तयार होणारी विषारी द्रव्ये) वाढल्यामुळेही दिसतात. टेस्ट किटमध्ये या दोन्हींचे प्रमाण शून्य यायला हवे. तसे नसेल, तर क्लोरीन काढलेल्या आणि टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्याने साधारण एकतृतीयांश पाणी बदलणे व खाणे तात्पुरते बंद ठेवणे, हाच पहिला उपचार. अशा वेळी मुख्य टाकीत मिथिलीन ब्लू ओतल्यास फिल्टरमधील अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणूही मरतात आणि अमोनिया आणखी वाढतो.

पाणी ठीक असूनही अंगावर आणि परांवर रव्याच्या कणांसारखे ठिपके विखुरलेले असतील, मासा खडीवर अंग घासत असेल, तर तो बहुधा ‘इक’ हा परजीवी रोग असतो. पुणे-नाशिककडच्या थंडीत, हीटर नसलेल्या टाकीतील पाणी रात्री एकदम गार झाले की मासे अशक्त होतात आणि हा रोग बळावतो. मात्र नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने उठलेले बारीक पांढरे ठिपके हे प्रजननकाळाचे लक्षण आहे. त्यावर औषध करू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ठिपके गेले म्हणून औषध थांबवणे. ठिपक्यातील परजीवी माशाच्या त्वचेखाली दडलेला असल्याने औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुरेसा वाढला की तो आपोआप गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो, आत विभागत राहतो, आणि मग त्यातून शेकडो सूक्ष्म पिले नवा मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. पंचविशीच्या आसपासच्या तापमानाला हे चक्र साधारण आठवडाभरात पूर्ण होते, १० अंशांना मात्र महिन्याहून अधिक काळ चालते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मासा स्वच्छ दिसला तरी रोग तळाच्या खडीत शिल्लक असतो. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावा आणि दर पाणीबदलात सायफनने खडी साफ करावी.

चक्र वेगाने संपावे म्हणून तापमान वाढवतात. उष्ण कटिबंधातील माशांसाठी ते दिवसाला एक-दोन अंश या गतीने २९-३० अंशांपर्यंत न्यावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप अधिक जोराने चालवावा. तोंडाभोवती कापसासारखा थर असेल तर तो बुरशीसारखा भासणारा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि तो उष्णतेने झपाट्याने वाढतो. तेथे हीटर वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

मात्रेचा हिशेबही अनेकदा चुकतो. २ × १ × १ फूट टाकीत कागदावर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता ते ४५च्या आसपास भरते, आणि औषध मोजायचे ते या आकड्यावर. मालाकाइट ग्रीन असलेले औषध लोच आणि कॅटफिश या जातींच्या माशांना सोसत नाही, तेथे अर्धी मात्राच पुरे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. मीठ वापरायचे असल्यास आयोडीन नसलेले, लिटरला १ ते २ ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून घालावे. बाष्पीभवनाने पाणी घटले तरी मीठ टाकीतच राहते, म्हणून ती तूट साध्या पाण्यानेच भरून काढावी. पाणी बदलले असेल तेवढ्यापुरतेच नवे मीठ घालावे. टाकीत जिवंत वनस्पती असतील, तर मिठाचा हा प्रयोग वेगळ्या भांड्यातच करावा.

आणि आजारी टाकीतील जाळी ओली असतानाच शेजारच्या टाकीत बुडवू नये. ती प्रथम उन्हात पूर्ण वाळू द्यावी.