ऑनलाइन ट्रेनिंगनं डॉक्टरांची लेकरं तपासायची पद्धत बदलली का, कसं बघायचं?

ट्रेनिंग संपलं की दोन आकडे लगेच वर जातात, किती जणांनी पूर्ण केलं आन पोस्ट-टेस्टला सरासरी किती मार्क पडले. त्यावरून टेबलावरच्या लेकराला काय फरक पडला ते काहीच कळत नाही. मी स्वतः पाहिलंय, मोबाइलवर व्हिडिओ चालू, आवाज बंद, साहेब ओपीडी काढायलेत, आन संध्याकाळी सर्टिफिकेट हजर. ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते कसं जोखायचं, यावर डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मधेच चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, आवडलं का, कळलं का, वागणं बदललं का आन शेवटी परिणाम झाला का. आपण दुसरीवरच बसतो. खालचं सगळं तिसरीबद्दल हाय.

आधी काय मोजायचं ते ठरवा, तीनचारच गोष्टी घ्या पण डोळ्याला दिसणाऱ्या घ्या. "न्यूमोनियाची समज वाढली" हे मोजता येत नाही, "अंगातलं वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला" हे येतं. दोन महिन्याच्या आतल्या लेकराला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्याला ५०, वर्षाच्या पुढं पाच वर्षांपर्यंत ४०, म्हणजे श्वास वेगात हाय. लेकरू रडत असताना मोजला तर तो मोजलाच नाही असं धरा. जुलाबात बघायचं की ओआरएससोबत झिंक १४ दिवस लिहिलं का (सहा महिन्याच्या आत १० मिलिग्रॅम, पुढं २०), शौचात रक्त नसताना उगंच अँटिबायोटिक दिलं का, आन परत कधी लगेच यायचं ते आईला सांगितलं का. बस.

आता माहिती कुठून काढायची? रजिस्टर स्वस्त पडतं पण लिहिलेलं केलेलंच असतं असं नाही, आन केलेलं लिहिलेलंच असतं असंही नाही. त्यामुळं कोपऱ्यात एक माणूस वही घेऊन बसवा. कुणी बघायलंय म्हणल्यावर डॉक्टर एकदम पुस्तकासारखं तपासायला लागतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या केसेस सोडूनच द्या. अधूनमधून तेच लेकरू लगेच बालरोगतज्ज्ञाकडून परत तपासून घ्या, मग नुसतं मोजलं का नाही तर बरोबर मोजलं का तेही कळतं. आन बाहेर झाडाखाली आईला विचारा, "ताई, ही ओआरएसची पुडी किती पाण्यात टाकायची सांगितलं?" मोठी पुडी एक लिटरमधे, आन केलेलं पाणी २४ तासाच्या आत संपवायचं नाहीतर फेकायचं. तिला सांगता आलं नाही तर डॉक्टरनं सांगितलं असलं तरी पोचलं नाही. एक पक्कं ठरवून ठेवा, बसलेल्या माणसाला लेकरू सुस्त दिसलं, झटके आले, दूध घेईना असं काही दिसलं आन डॉक्टरच्या ध्यानात आलं नाही तर वही बाजूला ठेवून तिथंच बोलायचं.

लई जण फसतात ते तुलनेत. आपल्याकडं पावसाळ्यात जुलाब, थंडीत खोकला. त्यात बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची कुटुंबं लेकरं घेऊन कारखान्याकडं निघतात ती मार्च-एप्रिलला परततात, म्हणजे सप्टेंबरची ओपीडी आन जानेवारीची ओपीडी यात गर्दी वेगळी, आजार वेगळे, डॉक्टरला एका लेकरामागं मिळणारा वेळही वेगळा. नुसतं आधी-नंतर मोजलं तर ट्रेनिंगचं का ऋतूचं, कसं सांगणार? म्हणून समजा १६ प्राथमिक आरोग्य केंद्रं हायत तर चिठ्ठ्या टाकून आठांना आधी ट्रेनिंग द्या, आठांना नंतर, आन मोजणी दोन्हीकडं एकाच आठवड्यात करा. ज्यांना हौस हाय त्यांनाच आधी दिलं तर ते तसेही चांगलंच तपासत असतात. ट्रेनिंगवाल्यांकडं शंभरातली नीट तपासलेली लेकरं ३० वरून ५५ झाली आन बाकीच्यांकडंही ३० वरून ४५ झाली, तर ट्रेनिंगच्या खात्यात १० जमा, २५ नाही. एकाच डॉक्टरची ५० लेकरं बघून समाधान मानू नका, जास्त डॉक्टर आन प्रत्येकाची थोडी लेकरं हे बरं.

झिंक लिहिलं नाही म्हणून डॉक्टरला नापास करायच्या आधी औषधभांडारात जाऊन बघा, गोळ्याच नसतील तर तो काय करील. तो साठ्याचा रकाना वेगळा ठेवा. नवजात बाळाला अंबू बॅगनं (हातानं दाबून हवा द्यायच्या पिशवीनं) श्वास देणं असल्या हाताच्या कामाला तर व्हिडिओवर जाऊच नका, पुतळ्यावर करून दाखवायला लावा, जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच श्वास सुरू करायचा असतो, तिथं मार्क कामाचे नाहीत.

पहिली मोजणी ट्रेनिंगच्या आधी, दुसरी महिन्याभरानं, आन खरी ती सहा महिन्यांनी, कारण तोवर निम्मं विसरलेलं असू शकतं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी आन आचारसमितीची (अभ्यासात कुणावर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या एथिक्स कमिटीची) मंजुरी आधीच काढा, आन परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या की तिसऱ्या फेरीची तारीख केंद्राला कळवायची नाही.