पायी सातारा बघायला निघालात? या चुका टाळा

साताऱ्यात पायी फिरायला येणारे नकाशात अंतर बघतात, चढ बघत नाहीत. पोवई नाक्यापासून राजवाडा दोनेक किलोमीटर, आणि तिथून मान वर केली की अजिंक्यतारा समोरच. अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. पण हे गाव किल्ल्याच्या उतरणीवर वसलंय. नाक्याकडून राजवाड्याकडे रस्ता चढत जातो, आणि दक्षिणेला वळलात की गल्ल्या सरळ डोंगराला भिडतात. त्यामुळे इथल्या दिवसाची आखणी चढ आणि ऊन बघूनच करावी.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दुपारचा किल्ला. ‘आधी गाव बघू, जेवू, मग वर जाऊ’ असं ठरवणारे मिसळ-ताक पोटात घेऊन भर उन्हात चढायला लागतात आणि पहिल्याच दरवाजातून फोटो काढून परततात. गड सकाळी, उजाडताच करा. राजवाड्याकडे जाणारी बस किंवा रिक्षा धरून अदालत वाड्यापाशी उतरलं की तिथून निघणारी वाट वर गडाच्या गाडीरस्त्याला मिळते. पाणी खालूनच भरून न्या.

वर पोचल्यावर दूरदर्शनचे टॉवर बघून हिरमुसू नका, मंगळाईच्या बुरुजाकडे चालत राहा. १६९९च्या अखेरीस औरंगजेब जातीने या किल्ल्याखाली येऊन बसला होता. आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातला एक असा उडाला की तट त्यांच्याच अंगावर कोसळला आणि हल्ल्याला सज्ज उभं असलेलं त्यांचंच सैन्य गाडलं गेलं. तरी एप्रिल १७००मध्ये किल्ला गेलाच, आणि आझमतारा झाला. ताराराणींच्या काळात तो परत आला तो अजिंक्यतारा होऊन. तटावरून खाली बघताना हे माहीत असलं तर डोळे आपोआप सुरुंगाची जागा शोधायला लागतात. हवा स्वच्छ असेल तर सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन असा सगळा शेजार दिसतो. उतरताना चारभिंतीला थांबा. ते १८५७च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि तिथून गावाची ठेवण नीट कळते.

दुसरी गफलत राजवाड्याची. म्हैसूरसारखा तिकीट काढून आतून हिंडायचा महाल डोक्यात ठेवून आलात तर गेटवरच विरस होईल. हा बाहेरून, गोल बागेच्या बाजूने, निवांत बघायचा वाडा. जुना भाग प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४च्या सुमाराचा. माझ्या मते मात्र या आवारातली सगळ्यात मोठी गोष्ट महाराजांची नाही, एका शाळकरी पोराची आहे. १९०० साली इथे सरकारी शाळा भरायची, तीच पुढची प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिच्या रजिस्टरात ‘भिवा’ या नावाने बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश नोंदला गेला. म्हणून ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस असतो. बहुतेक पर्यटक इथल्या चौपाटीवर, म्हणजे खाण्याच्या गाड्यांवर, भेळ खाऊन जातात, त्यांना याचा पत्ताही नसतो.

जवळचं जलमंदिर हे राजघराण्याचं राहतं घर आहे. फाटकातून डोकावत उभं राहू नका.

एसटी स्टँडजवळच्या शिवाजी महाराज संग्रहालयासाठी सोमवार धरू नका. आणि वाघनखांसाठी तर मुळीच येऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४मध्ये ती इथे आली होती, पण काही महिन्यांच्या मुक्कामाला. लोक अजून विचारत येतात.

याच दिवसात कास, ठोसेघर, सज्जनगड कोंबायचा मोह होतो. ते वेगळ्या दिवसाचे आहेत, पायी फिरणाऱ्याचे तर नाहीतच. संगम माहुली मात्र जमते, फक्त चालत नको, रिक्षाने. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, दगडी देवळं, आणि साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधीसुद्धा. इथे रेल्वेने येणाऱ्यांची एक अडचण परस्पर सुटते. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. स्टेशनातून उतरून ‘चालतच जाऊ’ म्हणणारे सकाळीच दमतात. त्यापेक्षा माहुली परतीच्या वाटेवर ठेवा. देवळं बघा आणि तिथूनच गाडी गाठा.

बेत फिसकटलाच तर? पावसाळ्यात गड ढगात गेला तर वर वाट बघत भिजू नका, पेठांमधून फिरा आणि उघडीप मिळाली तर चारभिंती गाठा. गुडघे कुरकुरत असतील तर रिक्षाने वर जाऊन फक्त उतरा, त्यात कमीपणा काही नाही. वाट चुकलात तर ‘राजवाडा कुठे?’ एवढंच विचारा. फक्त बस धरताना राजवाड्याचा स्टँड आणि मुख्य एसटी स्टँड हे दोन वेगळे, हे ध्यानात असू द्या, नाहीतर पिशव्या घेऊन दोन किलोमीटर पळावं लागतं.

कंदी पेढे सकाळी घेऊन दिवसभर पाठीवर वागवू नका. मोती चौकात संध्याकाळी घ्या, आधी एक चाखून बघा, आणि आजचेच आहेत का ते विचारा. दुकानदार रागावत नाहीत.