घाबरलीय की शुगर उतरलीय?

माझी लेक नववीत आहे. टाइप वन डायबेटिस, चौथीपासून इन्सुलिन. परीक्षेच्या दिवसांत ती "आई, कसंतरीच होतंय" म्हणाली की मी समजूत घालत बसत नाही. आधी बोट टोचून शुगर तपासायची. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड हे भीतीनेही होतं आणि शुगर उतरल्यावरही. दोन्ही वेळा अंगात अ‍ॅड्रेनलिनच उसळलेलं असतं. नुसतं बघून मलाही सांगता येत नाही.

आकडा ७० च्या खाली असला तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या तूपटपणामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. (आज्यांना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.) मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

आकडा ठीक निघाला तर बहुधा ती भीतीच, आणि मग निवांत बसून विचारायचं, नेमकं कशाचं वाटतंय? बऱ्याचदा शुगर उतरण्याचंच असतं. वर्गात सगळ्यांसमोर चक्कर आली तर? झोपेत उतरली तर? अशी मुलं गुपचूप इन्सुलिन कमी घेतात, खेळायला जाताना दोन बिस्किटं जास्त खातात. रागावलात तर तेही लपवतील. त्यापेक्षा ग्लुकोजची डबी तिची तिला भरू द्या, बाकावरच्या मैत्रिणीला ती कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवू द्या. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेला अशा मुलांना खाऊ न्यायची मुभा दिली आहे. दुसरं बोर्ड असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना आधीच भेटा.

पेपरहून आल्यावर २४० दिसले म्हणून "काय खाल्लंस?" नको. ताणानेही शुगर चढते. खरं तर दारातच "किती आहे?" विचारूच नये, चपला तरी काढू द्याव्यात.

इन्सुलिन चुकवणं, शाळा टाळणं, झोप उडणं असं चालूच राहिलं तर डायबेटिसच्या डॉक्टरांना सांगून समुपदेशक मागा. जगणं नको वाटतं म्हणाली तर त्याच दिवशी, आणि इन्सुलिन तुमच्या ताब्यात ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. मूल इन्सुलिनवर आहे हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा.