फ्रिजचा कंप्रेसर आणि उडालेलं बिल

सोलापुरात पारा चाळिशीपार, आणि नेमका तेव्हाच फ्रिज गार करेना. मेकॅनिक म्हणाला, "कंप्रेसर गेलाय काका, वॉरंटी कधीच संपली असंल." कार्ड काढलं तर पूर्ण फ्रिजवर १ वर्ष, पण कंप्रेसरवर १०! दुकानात हे कोण समजावतंय?

घोडं अडलं बिलापाशी. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेनं उडालेली, हातात कोरी पट्टी. सर्व्हिस सेंटरवाले सीरियल नंबरवरून फ्रिज बनल्याची तारीख धरू लागले. खरं तर मुदत खरेदीपासून मोजायची. नवी पेठेतल्या दुकानदारानं मात्र मोबाइल नंबर टाकून जीएसटी बिलाची नक्कल लगेच काढून दिली. पैसे कार्डनं भरले होते, म्हणून बँकेचं स्टेटमेंटही जोडलं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ तयार ठेवला होता, पण गरज पडली नाही.

कंप्रेसर फुकट बसला. गॅस आणि मजुरी आपल्या खिशातून; कार्डावर बारीक अक्षरात तसंच छापलंय, भांडून उपयोग नाही.

आता बिल हाती पडलं की दुकानाच्या पायरीवरच फोटो काढतो, मागच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचाही, आणि स्वतःलाच मेल करतो. हिनं तर मिक्सरचं बिलही झेरॉक्स करून घेतलंय.